मथुराबायने वर केलेला हात

वेसाव्याच्या बंदरावर मथुरा लिलाव पुकारायला उभी राहिली की खाडीपलीकडच्या मढला भाव कळतो, असं बायका म्हणत. थट्टाच ती. पण एकदा मढहून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने तरीच्या होडीतून पाय खाली ठेवायच्या आधीच ‘ते पापलेट माझ्या नावाने ठेव गो’ म्हणून ओरडून सांगितलं, आणि तेव्हापासून त्या थट्टेत थोडं खरंही मिसळलं. तिचा आवाज गोड नव्हता. जाडाभरडा, भिजलेल्या दोरखंडासारखा होता. पण लांब जायचा आणि मध्येच तुटायचा नाही. सकाळी बंदरावर लिलाव करायचा आणि मग अंधेरीच्या मासळी बाजारात आपल्या ओट्यावर बसून विकायचं, असा तिचा जन्म त्या आवाजावर चालला होता.

नवरा धर्मा होडीवर इंजिन चालवायचा. डिझेलच्या इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाचे कान किती टिकणार? चाळिशी उलटता उलटता समोरचा काय बोलतो ते त्याला कळेनासं झालं. मथुराचं मात्र सगळं ऐकू यायचं.

“मना दोनच आवाज येतात,” तो लोकांना सांगायचा, “एक इंजिनाचा नि एक हिचा. इंजिन बंद तरी करता येतं.”

“करून बघ ना मना बंद!” मथुरा म्हणायची. तेही त्याला ऐकू जायचं, म्हणून तो खूष व्हायचा.

कोळणींच्या बाजारात बसलेला घसा कोणी दुखण्यात धरत नाही. नारळी पुनवेनंतर होड्या सुटतात, मासळीच्या राशी लागतात आणि आठवड्याभरात अर्ध्या बाजाराचे घसे बसतात. जिचा बसत नाही तिलाच शेजारणी विचारतात, “काय गो, तुझ्याकडे माल नव्हता काय?” बसलेला घसा म्हणजे धंदा जोरात झाला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, फार तर आल्याचा तुकडा गालात धरायचा आणि पुन्हा ओरडायला लागायचं. त्यामुळे चौऱ्याऐंशी सालच्या सुरुवातीच्या थंडीत मथुराचा घसा बसला तेव्हा तो कोणाच्या डोळ्यांत आला नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

त्याच दिवसांत ती बाजारातल्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष झाली होती. जुनी अध्यक्ष थकली, तेव्हा एका बाजूने मथुराचं नाव आलं आणि दुसऱ्या बाजूने चंपाचं. चंपाचा ओटा बाजाराच्या तोंडाशी होता. गिऱ्हाईक पहिलं तिच्याकडे जायचं आणि तिच्या जिभेपुढे कोयता बरा, असं सगळ्या म्हणायच्या. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका थोड्या, म्हणून निवडणूक मंडळाच्या नेहमीच्या रीतीने झाली. लुगड्याचा पडदा बांधून त्यामागे दोघींच्या दोन पाट्या ठेवल्या, आणि एकेकीने आत जाऊन आपल्या पसंतीच्या पाटीत एक सुका बोंबील टाकायचा. सगळं नीट चाललं असताना पडद्याखालून बाजारातली बोकी मांजर बाहेर पडली. तिच्या तोंडात बोंबील होते, आणि ते चंपाच्या पाटीतले होते.

“माझी मतं मांजरीने खाल्ली!” चंपाने बाजार डोक्यावर घेतला.

मथुराची जाऊ सगुणा तिच्या शेजारच्याच ओट्यावर बसायची. ती म्हणाली, “मांजर खाऊन खाऊन किती खाणार गो? तिचे दोन-तीन परत घाल तुझ्या पाटीत. तरी मथुराची पाटी उचलायला दोघी लागतील.”

तसंच निघालं. रिवाजाप्रमाणे हरलेली चंपा उपाध्यक्ष झाली. दोन्ही पाट्यांतल्या बोंबलांचं एकत्र कालवण झालं. तेव्हाही चंपा वाडगं पुढे करत म्हणालीच, “ह्यात माझे जास्त होते.”

मथुराला अध्यक्षपद मिरवण्यासाठी नको होतं. तिच्या मनात एक काम होतं. जुना बाजार पाडून नवा बांधायचं ठरलं होतं, आणि नव्या बाजारात ओटे कोणाकोणाला द्यायचे ते मंडळाने सभा घेऊन ठरवायचं होतं. बाजाराच्या फाटकाशी गोणपाट टाकून बसणाऱ्या कोकणातल्या काही बायका होत्या. त्यांचे नवरे गिरण्यांमध्ये होते. ब्याऐंशीचा संप लांबत गेला, पगार थांबले, आणि ज्यांनी आयुष्यात मासळी फक्त विकत घेतली होती त्या ती विकायला बसल्या. त्यांतली विमला मालवणकडची होती. तिचा नवरा भिकाजी गिरणीत साच्यावर कापड विणायचा आणि आता घरी बसून होता. विमला पहिल्यांदा बंदरावर आली तेव्हा तिची बोली कोणी धरेना. भाव सांगितला की बायका दुसरीकडे बघायच्या. मथुराने ती धरली. “पैसा कोणाचा पण पैसाच,” असं ती सगळ्या बंदराला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली, आणि मांदेलीची पाटी विमलाच्या डोक्यावर स्वतः चढवून दिली. त्या दिवसापासून विमला तिला ‘बायनू’ म्हणायला लागली.

अध्यक्ष झाल्यावर मथुराने तिला शब्द दिला. “नव्या बाजारात तुझा ओटा असंल. तुझा नि तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचा.”

“बायनू, तुमच्या बायका आयकतीत?” विमलाने विचारलं.

“मी बोलते तेव्हा मढ ऐकतं,” मथुरा म्हणाली. “ह्या कोण?”

शब्द दिला तेव्हाच घसा खरखरत होता. पुढच्या महिन्यात तो आणखी खाली गेला. लिलाव पुकारता पुकारता शेवटचं ‘गेला!’ बाहेर पडेना. सौदा पक्का झाला, आता कोणी बोली वाढवायची नाही, हे सांगणारा तो शब्द. मथुराने युक्ती काढली. शेवटची बोली आली की ती उजवा हात, पंजा उघडा करून, वर करू लागली. बायकांना हे चटकन अंगवळणी पडलं. मथुराबायचा हात वर गेला की सौदा मिटला, बोलणं बंद. ओट्यावरही ती आता हळू बोलायची. बायकांना वाटलं, अध्यक्षीणबाईंना पदाची जाण आली. तिच्यासमोर त्यासुद्धा हळू बोलायला लागल्या. एवढंच काय, चंपासुद्धा.

“पदाने माणूस शहाणं होतं बघ,” सगुणा लोकांना सांगायची. “आमची मथुरा आता ओरडत नाय. नुसता हात वर करते, नि संपलं.”

फक्त धर्माच्या घरात वेगळंच चाललं होतं. तो एकदा जेवताना म्हणाला, “तू हल्ली पुटपुटतेस.”

“पुटपुटत नाय. बोलते.”

“काय?”

“बोलते म्हटलं!”

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग ताट बाजूला सारून, मोठ्या माणसाला शोभणार नाही अशा आवाजात म्हणाला, “म्हणजे राहिलेले कान पण गेले माझे. तुझं पण ऐकू येत नाय आता.”

मथुराला भडभडून आलं. दुसऱ्याच दिवशी ती त्याला अंधेरीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने धर्माच्या कानांत बत्ती धरून पाहिलं. मथुरा त्याची सगळी हकीकत सांगत होती. डॉक्टरचं लक्ष हळूहळू धर्माच्या कानांवरून उडालं.

“बाई, यांचे कान आधी होते तसेच आहेत. तुमचा घसा कधीपासून बसलाय?”

“बाजार हाय ना डॉक्टर. बसतोच.”

“कधीपासून?”

“बोंबील टाकले तेव्हापासून.”

डॉक्टरला त्यातलं काही कळलं नाही. त्याने तिला खुर्चीत बसवलं, जीभ फडक्याने धरून बाहेर ओढली आणि लांब दांड्याचा आरसा घशात घातला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “मिश्री लावता?”

“आमच्यात सगळ्याच लावतात.”

“स्वरयंत्रावर गाठ दिसते आहे. मला ती चांगली वाटत नाही. उद्याच्या उद्या परळला मोठ्या इस्पितळात जा.”

“आवाज जाईल?”

“आता गेलात तर बहुतेक वाचेल. थांबलात तर मी काही सांगू शकत नाही.”

धर्मा शेजारीच बसला होता. दोघांचे ओठ हलताना तो आळीपाळीने बघत होता, जसा कोणी खिडकीच्या काचेतून आतलं बोलणं बघावं. त्याची खात्री होती की सगळं त्याच्याबद्दलच चाललंय. जिन्यात आल्यावर त्याने विचारलं, “काय म्हणाला? गेले ना कान?”

मथुराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

मळ सुटायला डॉक्टरने दिलेले थेंब धर्मा त्यानंतर कितीतरी दिवस न चुकता कानात घालत होता. एका कुशीवर वळायचा, पडून राहायचा, मग दुसऱ्या कुशीवर. मथुरा बघायची आणि काही बोलायची नाही. बोलली असती तरी त्याला ऐकू जाण्याइतकं तिच्याकडे उरलं नव्हतं.

तिने लपवलं ते भीतीने, हे खरं. पण नुसत्या भीतीने नाही. परळला गेलं की लवकर सुटका नसते, हे तिने आजूबाजूला पाहिलं होतं. अध्यक्ष तिथे पडून राहिली तर सभा उपाध्यक्ष चालवणार, आणि उपाध्यक्ष चंपा. चंपा उघड सांगत होती की फाटकाशी बसणाऱ्यांना ओटा म्हणजे आपल्या सुनांच्या तोंडचा घास काढून देणं. सगुणाला सांगावं, तर सगुणाच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वेसाव्याला कळलं असतं. विमलाला सांगावं, तर ती म्हणाली असती, ‘ओटो ऱ्हवांदेत, तुमी आधी परळाक जावा.’ सभा एकदा होऊ दे, मग जाते, असं मथुराने ठरवलं. सभा उन्हाळ्यात व्हायची होती. ती पुढे गेली. मग पावसाळा आला, होड्या किनाऱ्याला लागल्या, बाजार मंदावला, आणि नारळी पुनव झाल्यावर बघू असं ठरलं. प्रत्येक वेळी मथुरानेही आपलं परळ तेवढंच पुढे ढकललं.

सभा बाजारातच झाली. फरश्या धुऊन काढल्या होत्या आणि बायका आपापल्या ओट्यांवर पाय सोडून बसल्या होत्या. विमला आणि तिच्याबरोबरच्या बायका फाटकाशी उभ्या होत्या. मंडळाच्या सभासद नसल्याने त्यांना आत बसता येत नव्हतं. अध्यक्षाने बोलावलं तर मात्र कोणीही येऊन बोलू शकत होतं.

चंपाने सुरुवात केली. “ओटे किती होणार ते सगळ्यांना माहीत हाय. आपल्या लेकीसुना धंद्याला यायच्यात. ह्या बाया गिरणी बंद पडली म्हणून आल्या. उद्या गिरणी चालू झाली की ह्या चालल्या लालबागला. मग तो ओटा काय मांजरीला द्यायचा?”

बायका हसल्या. सगुणाही हसली, मग जीभ चावून मथुराकडे बघू लागली. “अध्यक्षीणबाई बोलतील आता,” ती म्हणाली.

मथुरा उभी राहिली. दोन दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. मध चाटला होता, वाफ घेतली होती, होता नव्हता तेवढा आवाज जपून आणला होता. तिने तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला. पुढच्या ओट्यावरच्या बाईला वाटलं ती खाकरते आहे. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही.

बाजारात कुजबूज सुरू झाली. चंपा थोडा वेळ थांबली. तिनेही वाट पाहिली, हे मथुराला पुढे नेहमी आठवायचं. मग तिने विचारलं, “म्हणजे अध्यक्षीणबाईंना पण पटलंय. मग ठरवू या? ओटे फक्त जुन्या बायकांना. कोणाला काय बोलायचंय?”

थांब, असं मथुराला म्हणायचं होतं. थांबा, मी आजारी आहे, सभा आज नको, असं सगळं एकदम सांगायचं होतं. तिने उजवा हात वर केला. पंजा उघडा.

बाजार गप्प झाला. महिनोन्महिने त्या बायकांनी रोज सकाळी तो हात पाहिला होता, आणि त्याचा एकच अर्थ त्यांना माहीत होता. मागून कोणीतरी सवयीने ओरडलं, “गेला!” लगेच सगळ्या उठल्या, लुगडी झटकली, बोलायला लागल्या. सौदा मिटला होता.

मथुरा दोन्ही हातांनी नाही नाही करत राहिली, पण उठलेल्या बाजारात तिच्याकडे कोण बघणार? तिने सगुणाचा दंड धरला. सगुणा म्हणाली, “बरं केलंस गो. भांडण नको झालं. मिटवलंस.” फाटकाशी विमलाने गोणपाट गुंडाळून काखेत मारलं होतं. ती क्षणभर मथुराकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली. मथुरा तिच्यामागे धावायला गेली आणि खोकल्याची उबळ आली. तोंडाला लावलेला पदर तिने बाजूला केला तेव्हा त्यावरचं रक्त सगुणाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला परळला नेलं. गाठ आता एवढी वाढली होती की स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. “उन्हाळ्यात आला असतात तर किरणांचा शेक देऊन आवाज वाचवता आला असता,” तिथला डॉक्टर म्हणाला. तो रागावून बोलला नाही, नुसतं सांगितलं. धर्माला समजावून सांगायला सगुणाला फार कष्ट पडले. तिने आपल्या गळ्यावर बोट फिरवलं, मथुराकडे दाखवलं, उन्हाळा कसा दाखवायचा म्हणून कपाळाचा घाम पुसला. शेवटी त्याला उमगलं. त्याने एकच विचारलं.

“म्हणजे माझे कान गेले नव्हते?”

मथुरा खाटेवर पडल्या पडल्या भिंतीकडे वळली.

ती वाचली. गळ्यात खालच्या अंगाला भोक राहिलं. श्वास तिथून चालायचा आणि त्यावर ती पांढरं फडकं बांधायची. आवाजाबरोबर वासही गेला, कारण वारा आता नाकातून जातच नव्हता. मासळी ताजी की शिळी हे ती कल्ले उघडून आणि अंगठ्याने दाबून ओळखायला शिकली. बाजारात ती परत गेली. नव्या बाजारात तिला ओटा मिळाला, चांगला मोक्याचा. चंपा अध्यक्ष झाली होती. ती काही वाईट वागली नाही. मथुरा इस्पितळात असताना धर्माला रोज कालवण तिच्याच घरून जायचं. तो हात सौद्याचा नव्हता, हे सगुणाला खाणाखुणांनी कळायला फार दिवस गेले, आणि कळलं तेव्हा ती चंपाकडे भांडायला गेली.

“आता सांगतेस?” चंपा म्हणाली. “ओटे वाटून झाले, बायका बसल्या. आता कोणाला उठवू? तुला उठवू?” मग जरा खालच्या आवाजात, “एकदा बोलायचं तरी होतं तिने. बरी असताना. मी काय तिला खाल्लं असतं?”

तोवर फाटकाशी बसणाऱ्या बायका पांगल्या होत्या. कोणी गावी गेल्या, कोणी धुण्याभांड्याची कामं धरली. विमला कुठे गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं.

आवाज गेलेल्या माणसाला विचाराला फार वेळ मिळतो. मथुरा ओट्यावर वाटे लावत बसायची आणि तिच्या मनात एक दुसरंच चौऱ्याऐंशी साल चालू व्हायचं. त्यात ती डॉक्टरच्या जिन्यावरून थेट परळला जायची. शेक घ्यायची, गळ्याची कातडी काळी पडायची, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं; पण नारळी पुनवेपर्यंत आवाज फिरून यायचा. आधीइतका नाही. मढपर्यंत नाही, पण बाजारभर पुरेल एवढा. त्या सभेत ती चंपाला म्हणायची, ‘गिरणी चालू झाली नि ह्या गेल्या, तर तो ओटा मी स्वतः तुझ्या सुनेला देईन. तोवर ह्यांना बसू दे.’ चंपा फणकारायची, पण बाकीच्या माना हलवायच्या. विमलाला पाण्याच्या नळाजवळचा कोपऱ्यातला ओटा मिळायचा.

हे साल ती दरवेळी थोडं पुढे नेई. ते सुखाचंच होतं असंही नव्हतं. त्यात नळावरून विमला आणि चंपाची जुंपायची आणि अध्यक्ष म्हणून मथुराला दोघींना झापावं लागायचं. बर्फ महाग झाला की सगळ्या तिलाच धारेवर धरायच्या. एका वर्षी नव्या निवडणुकीत तिचे बोंबील कमी पडतात की काय अशी पाळी यायची. धर्मा घरात म्हणायचा, ‘इंजिन बंद तरी करता येतं’. मग कोणीतरी गिऱ्हाईक “बाई, हलवा कसा दिला?” म्हणून विचारायचं, आणि मथुरा बोटांनी भाव दाखवायची.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात सगुणाने बातमी आणली. विमला कांजूरमार्गला दिराच्या खोलीत राहते आणि दारोदार मासळी विकते. मथुराने त्याच आठवड्यात जायचं ठरवलं. बोलायला कोणी हवं म्हणून धर्माला बरोबर घेतलं. दोन वर्षांत तो तिच्या हातांचं आणि ओठांचं बोलणं इतरांपेक्षा बरं समजायला लागला होता. बहिऱ्याने मुकीचं सांगायला जायचं! सगुणा हसत हसत रडली.

दोन बस बदलून ती दोघं पोचली. विमला दारात बसून सुरमई कापत होती. मथुराला बघताच कोयता खाली ठेवून उठली, आणि तिची नजर गळ्यावरच्या फडक्यावर गेली.

“ह्या काय झाला, बायनू?”

मथुराने धर्माला खूण केली. वाटेत तिने त्याला सगळं पुन्हा पुन्हा समजावलं होतं. धर्माने छाती भरून घेतली आणि बहिरी माणसं बोलतात तसा ओरडून बोलला.

“ही म्हणते, तो हात थांबा म्हणून होता! सौदा म्हणून नव्हता! हिच्या घशात गाठ होती! आवाज गेला होता!”

आजूबाजूच्या खोल्यांतून माणसं बाहेर डोकावली.

“वायच हळू बोला ओ,” विमला म्हणाली.

“हां, गाठ! एवढी!” धर्माने मूठ दाखवली.

विमलाने दोघांना आत नेलं, पाणी दिलं, चहा टाकला. स्टोव्हला पंप मारत तिने मग विचारलं, “गाठ कधी कळली?”

मथुराने बोटांनी पदराचं टोक धरून वारा घेतल्यासारखं केलं. उन्हाळा. विमलाला ते धर्माच्या आधी कळलं.

“आणि सभा नारळी पुनवेच्या मागसून.” विमलाने भांडं खाली उतरवलं. “बायनू, तो हात सौद्याचो न्हय, ता माका त्याच दिसा कळला होता. तुमच्याकडसून मासळी घेताना मी तुमचो हात नाय बघी. तोंड बघी. त्या दिसाचा तोंड सौद्याचा नव्हता.”

म्हणजे गेली दोन वर्षं मथुरा ज्याची सफाई द्यायला तळमळत होती, ते विमलाला माहीतच होतं.

“माका राग त्याचो नाय,” विमला म्हणाली. “तुमी माका सांगल्यात कित्याक नाय? आवाज जातासा, विमले, तू बोल, इतक्याच सांगाचा होता. तुमी माका आत बोलवल्यात असता. मी उभी रवलंय असतंय. माझ्या ओट्यासाठी मी बोललंय असतंय. पडलंय असतंय तरी चालला असता. माका काय तोंड नव्हता?”

ती भांडत नव्हती. चहा गाळत होती. मथुराच्या डोळ्यांपुढे मनातली सगळी सालं एकामागून एक सरकली. कितीदा तिने ती सभा पुन्हा भरवली होती, कितीदा चंपाला निरुत्तर केलं होतं! आणि त्या प्रत्येक सभेत विमला फाटकाशी गोणपाट घेऊन गप्प उभी होती. मथुरा कधी बोलते याची वाट बघत. एकदाही मथुराने तिला आत बोलावलं नव्हतं.

“काय म्हणते ती?” धर्माने विचारलं. मथुराने त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला.

चहा झाला. मथुराने बरोबर आणलेली बोंबलांची पुडी तिच्यापुढे ठेवली आणि खुणेने विचारलं, येशील का बाजारात? सगुणा थकली आहे, तिच्या ओट्याचं काहीतरी करता येईल. विमलाला ते समजलं. तिने पुडी घेतली, कपाळाला लावली आणि नकाराची मान हलवली.

“आता नको. हयसर माझी गिरायकां झाली. चार गल्ल्यांनी माझी वाट बघतत. उशीर झालो तर दुसरीकडे घेतत.”

तिने सुरमईचे तुकडे पाटीत रचले, वर ओलं फडकं टाकलं. मथुराने पुढे होऊन पाटीला हात लावला आणि ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. विमला उंबरा ओलांडून गल्लीत उतरली, दहा-बारा पावलं गेली, आणि तिने हाक दिली.

“सुरमय! ताजी सुरमय घेवा!”

मथुरा दारात थबकली. जुन्या बाजारात फाटकाशी बसणाऱ्यांनी हाक मारायची नाही, ती ओट्यावरच्यांनीच मारायची, असा दंडक होता. त्यामुळे इतक्या दिवसांत विमलाची हाक तिने कधी ऐकलीच नव्हती. ती स्वच्छ होती, गल्लीच्या पार टोकापर्यंत जात होती, आणि मध्ये कुठे तुटत नव्हती.

“ती शेवटी काय म्हणाली गो?” धर्मा विचारत होता.

मथुराने त्याला हाताने थांबवलं. हाक वळणापलीकडे गेली तरी अजून ऐकू येत होती.